जवायाच्या कानातली बुचं

मी रुसलो नव्हतो.

हे वाक्य मी सासुरवाडीत इतक्यांदा म्हटलं आहे, की आता माझे साळे ते माझ्या आधीच पूर्ण करतात आणि वरून हसतात. आमच्या वऱ्हाडात रुसलेल्या जवायाची खूणच ही, की तो म्हणतो, "छे, मी कुठी रुसलो?" आणि जो खरंच रुसला नाही, तोही बिचारा हेच म्हणतो. आता यात खऱ्या माणसानं जावं तरी कुठं?

मूळ दुखणं कानाचं. वीस-बावीस वर्षं वरूडला माझा साऊंडचा धंदा होता. आधी भोंगे, मग स्पीकरचे खोके, मग ट्रॉलीवर रचलेला डीजे. संत्र्याच्या हंगामात ट्रॉलीत संत्री आणि लग्नाच्या हंगामात त्याच ट्रॉलीत माझे खोके. डाव्या अंगाला खोक्यांची भिंत घेऊन, मिक्सरपाशी उभं राहून मी अर्ध्या तालुक्याची लग्नं वाजवली. खिडक्यांची तावदानं थरथरली, की लोक खूश व्हायचे आणि मी त्यांच्याहून जास्त. त्या तावदानांच्या रांगेत आपला कानही बसला आहे, असं तेव्हा कोणी म्हटलं असतं तर मी त्याला ट्रॉलीवरून खाली उतरवला असता.

मग कानात शिट्टी सुरू झाली. पहिल्यांदा वाजली तेव्हा मी उठून गॅस बंद केला. (कुकर लावलेलाच नव्हता. बायकोनं माझ्याकडे पाहिलं, मी गॅसकडे पाहिलं.) हळूहळू आमच्या टीव्हीवरची मालिका शेजारी आपल्या घरात बसून ऐकू लागले. त्याचंही मला काही वाटलं नाही. वाटलं ते नातीचं. ओवी माझ्या लेकीची लेक, तीन वर्षांची. आवाज इतका बारीक, की ती काहीतरी बोलायची, सारं घर हसायचं आणि मी थोडं मागून, कशाला ते न कळता हसायचो. एकदा फोनवर ती काही सांगत होती आणि मी म्हणत होतो, "अरे वा! शाब्बास!" ती रडायलाच लागली. मागून कळलं, की ती पायरीवरून पडली होती आणि मला तेच सांगत होती.

त्या दिवशी जेवण गेलं नाही. सुनंदा, म्हणजे माझी बायको, दुसऱ्या दिवशी मला अमरावतीला कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टरीणबाई माझ्या लेकीच्या वयाची. तिनं मला एका बंद खोलीत बसवलं, कानावर हेडफोन लावला, हातात बटण दिलं आणि आवाज आला की दाबा म्हणाली. मी सारखा दाबत होतो. पास झालो म्हणून खुशीत बाहेर आलो, तर बाई म्हणे, "काका, मधे बराच वेळ मी काही वाजवलंच नव्हतं." मी माझीच शिट्टी ऐकून बटण दाबत होतो.

मग तिनं शांतपणे समजावून सांगितलं. जे ऐकणं गेलं ते परत येत नाही. लहान मुलांचे, पाखरांचे बारीक आवाज आधी जातात. पण जे शिल्लक आहे ते सांभाळणं तुमच्या हाती आहे. खोक्यांपासून लांब राहा, गोंगाटात जावंच लागलं तर कानात बुचं घाला, मधे मधे कानाला आराम द्या आणि कोणी काहीही सांगितलं तरी कानात कढवलेलं तेल ओतू नका. (हे शेवटचं तिला कसं कळलं? सुनंदानं आदल्या दिवशीच लसूण घालून तेल कढवलं होतं.)

बुचं दोन रंगांत मिळत होती. एक नारिंगी, आमच्या वरूडच्या संत्र्यासारखी लांबून दिसणारी. दुसरी कातडीच्या रंगाची, घातली की दिसतच नाहीत. शहाण्या माणसानं नारिंगी घेतली असती. मी कातडीच्या रंगाची घेतली. ज्यानं साऱ्या तालुक्याला डीजे ऐकवला त्याच्याच कानात बुचं! लोक काय म्हणतील? सुनंदाला ओवीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्यायला लावली, की कोणाला सांगायचं नाही. ती म्हणाली, "सांगून टाकलं तं काय बिघडते?" मी म्हटलं, तुले नाही समजत.

अशात मोठ्या साळ्याच्या पोराचं लग्न निघालं. मोठा साळा म्हणजे गजूभाऊ, नवरदेव प्रफुल्ल आणि नवरी अकोल्याची. लग्न अकोल्याला, ऐन वैशाखात, भर दुपारी. सासुरवाडीचा थोरला जवाई मी. त्या घरात परण्याची एक रीत आहे. नवरदेव मारोतीचं दर्शन घेऊन घोड्यावर बसून मांडवाकडे निघतो, त्या मिरवणुकीला आमच्याकडे परण्या म्हणतात. तर घोड्यापुढे पहिला नाच थोरल्या जवायाचा. तो नाचल्याशिवाय घोडा पाऊल उचलत नाही. फार जुनी रीत आहे असं पोरं समजतात. गजूभाऊच्या लग्नात मीच ती सुरू केली होती, कारण खोके माझे होते आणि मला नाचायचं होतं.

आणि या लग्नात डीजे कोणाचा, तर बंडूचा. बंडू माझ्याच हाताखाली तयार झाला. मी धंदा सोडला तेव्हा खोकेही त्यानंच घेतले. म्हणजे माझेच खोके माझ्यावर वाजायला अकोल्यात येऊन बसले होते.

मी गाडीतच बुचं घातली. आता यातली एक गंमत मला ठाऊक नव्हती. बुचं घातली, की आपलाच आवाज डोक्यात घागरीत बोलल्यासारखा घुमतो. वाटतं, आपण केवढ्यानं ओरडतोय. म्हणून माणूस आपोआप हळू बोलतो. आणि मी जन्मभर खोक्यांशेजारी ओरडलेला माणूस. माझं साधं "पाणी आण" शेतातल्या माणसाला घरातून ऐकू जायचं. तोच मी त्या दिवशी गाडीतून उतरलो तो ओठातल्या ओठात बोलत.

दारातच घोळ झाला. नवरीचे वडील, म्हणजे आमचे इवाई, पाहुण्यांच्या स्वागताला उभे होते. गरीब स्वभावाचा माणूस, पहिलीच लेक, घामानं सदरा भिजलेला. हातातल्या तबकात अत्तराचे फाये. एकेक पाहुणा आला, की हाताला अत्तर लावायचं आणि फाया कानाच्या पाळीत खोचायचा. बंडूचा डीजे फाटकापाशी दणदणत होता. मी गजूभाऊकडे पाहत होतो, तेवढ्यात बाजूनं एक हात थेट माझ्या कानाकडे आला. मला वाटलं, आता हे बूच आत ढकलणार! मी सापाच्या अंगावर पाय पडल्यासारखा मागे उडालो आणि कान हातानं झाकला. फाया खाली पडला. मी म्हटलं, "राहू द्या, राहू द्या." माझ्या मते मी मोठ्यानं म्हटलं. बाहेर नुसते ओठ हलले.

भर दारात, साऱ्या पाहुण्यांसमोर, थोरल्या जवायानं इवायाचं अत्तर नाकारलं!

इवायाचा चेहरा उतरला. मागच्या बायकांनी तोंडाला पदर लावला. मागे उभी असलेली सुनंदा कपाळाला हात लावून खाली पाहत होती. मी सावरायला हसलो, पण लोक सांगतात, की ते हसू फार वाईट दिसलं.

त्यानंतर मी जे जे केलं ते माझ्याविरुद्ध गेलं. डीजेपासून लांब म्हणून मंडपात बसलो नाही, तर "मांडवात पाय ठेवला नाही" झालं. लांब जागा शोधत कार्यालयाच्या मागे गेलो आणि आचाऱ्याच्या चुलीपाशी, लिंबाखाली, आलूच्या पोत्यावर बसलो. आता थोरला जवाई पोत्यावर बसलाय म्हटल्यावर काय पाहिजे? धाकटा साळा पन्हं घेऊन आला. मला तो काय बोलला ते ऐकू आलं नाही, म्हणून मी मान हलवली. मान आडवी हलली. तो पन्हं घेऊन परत गेला आणि सांगून बसला, की भाऊजी पाण्यालाही शिवत नाहीत.

मग कूलर आला. अकोल्यातले कूलर तुम्ही पाहिले असतील, कपाटाएवढे. जवायाला ऊन लागलं म्हणून रागावले असतील, असं कोणाच्या तरी डोक्यात आलं. दोघांनी तो उचलून आणला आणि नेमका माझ्या डाव्या कानाशी लावला. त्याच्या पंख्याचं पातं कुठंतरी घासत होतं. मी उठून दुसरीकडे बसलो. ते कूलर घेऊन माझ्यामागे आले.

अखेर गजूभाऊ स्वतः आला. डोक्यावर फेटा, चेहरा काळजीनं ओढलेला. मी डावं बूच जरा सैल केलं.

"भाऊजी, काही चुकलं असन तं सांगा. घरचे हा तुमी."

"गजूभाऊ, मी रुसलो नाही."

त्यानं खाली मान घातली. "म्हणजे लयच रुसले," तो मागे उभ्या असलेल्यांना म्हणाला.

मी चिडलो. म्हटलं, बाबा, कानाची भानगड आहे, डॉक्टरीणबाईनं सांगितलंय, गोंगाट टाळा. तो ऐकून घेत होता, पण मला दिसत होतं, की त्याला हे पटत नाही. त्याच्या मामाच्या लग्नात एक जवाई पोट दुखतं म्हणून बसला होता, तो दुपट्टा मिळाल्यावर उठून जेवायला गेला. आत्याच्या लग्नात एकाला चक्कर येत होती, त्याला नारळ दिल्यावर ती गेली. त्या घरात जवायाचं प्रत्येक दुखणं दुपट्ट्यानं बरं झालेलं. तो उठला आणि माझ्यासाठी दुपट्टा आणायला गेला.

मी सुनंदाला गाठलं. म्हटलं, आता तूच सांग यांना. ती म्हणाली, ओवीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतलीय, मी मरेन पण बोलणार नाही. मी म्हटलं, मी सोडवतो शपथ. ती म्हणाली, "असं सोडवता येत नाही. तुमचं तुमी सांगा, मांडवात उभं राहून." एवढं बोलून ती गेलीही. तिला वर्षानुवर्षं माझ्याशी ओरडून बोलावं लागलं होतं, त्याचा हिशेब तिनं त्या दिवशी चुकता केला असं मला अजून वाटतं.

तिकडे परण्या मारोतीच्या देवळापाशी अडून होता. प्रफुल्ल घोड्यावर, घोडा उन्हात, मुंडावळ्या घामानं चिकटलेल्या. भटजी दोनदा मुहूर्ताची आठवण करून गेले. आणि मग इवाई आले. पायी, चपला न घालता, हातात शेला आणि नारळ. भर उन्हात त्या माणसानं माझ्यासमोर हात जोडले. डोळे भरलेले.

"जवाईबापू, लेकीचं लग्न आहे. माह्याकडून काही राहिलं असन तं मले जोड्यानं मारा, पण परण्या हलू द्या."

लेकीचा बाप, कानातल्या एका बुचासाठी माझ्या पाया पडायला निघाला होता. मी त्याला धरलं, उठलो आणि म्हटलं, चला. मनाशी ठरवलं: बुचं घट्ट बसवायची, लांबूनच चार पावलं नाचायची आणि सटकायचं.

पण देवळापाशी ट्रॉली घेऊन थांबलेल्या बंडूनं मला पाहिलं. उस्ताद आले! त्यानं दोन्ही हात जोडले, ट्रॉलीचं तोंड माझ्याकडे वळवलं आणि आवाज चढवला. पोरांनी मला ओढून खोक्यांसमोर उभं केलं. छातीत दणका बसत होता, पायाखालची डांबराची सडक हलत होती. बुचं होती, पण जवळ उभं राहिलं की बुचंही किती अडवणार? कानातली शिट्टी जागी झाली, चढत गेली. मी नाचत होतो, चेहरा हसरा ठेवला होता आणि आत मला भयंकर भीती वाटत होती. शिल्लक आहे ते सांभाळा, असं बाईनं सांगितलं होतं. आणि माझं शिल्लक म्हणजे काय होतं? ओवीचा आवाज. तेवढाच.

मी मागे सरकलो की पोरं पुढे ढकलायची. गजूभाऊ आनंदानं नाचायला लागला होता. इवाई टाळ्या वाजवत होते. शेजारी सुनंदा होती. मी तिला म्हटलं, थांबव हे. तिनं कानाला हात लावून ऐकू येत नाही अशी खूण केली. मी पुन्हा म्हटलं. पुन्हा तीच खूण. मग माझं डोकं फिरलं. मी सारा जीव घशात आणला आणि नाचता नाचता मूठ वर करून ओरडलो.

आता त्या मुठीचं सांगतो. साऊंडवाल्यांना वाजत असताना बोलता येत नाही, म्हणून आमच्या खुणा असतात. तळहात खाली दाबला की आवाज कमी कर. बोट गोल फिरवलं की गाणं बदल. आणि बंद मूठ वर गेली की तिथल्या तिथं बंद. (त्या गडबडीत मला स्वतःला यातली एकही खूण आठवली नव्हती.) बंडूला हे मीच शिकवलं होतं आणि शिकवताना दोनदा कानाखालीही दिली होती. मिरवणुकीत शंभर जण मूठ वर करून नाचतात, त्यांच्याकडे तो पाहत नाही. पण उस्तादाची मूठ दिसली आणि त्याचा हात आपोआप बटणावर गेला.

सारं एकदम बंद झालं. आणि त्या शांततेत माझा आवाज अकोल्याच्या चार गल्ल्यांना ऐकू गेला.

"सुनंदा, माह्या कानात बुचं हायेत! मी रुसलो नाही! अजून थोडं वाजलं तं ओवीचं बोलनं बी ऐकू येनार नाही मले!"

घोड्यानंही कान टवकारले. सुनंदानं पदरानं डोळे पुसले आणि मी तोंड उघडं टाकून, मूठ वर तशीच धरून उभा होतो.

गजूभाऊ जवळ आला. "दाखवा," म्हणाला. मी उजवं बूच काढून तळहातावर ठेवलं. घामेजलेलं, वाटाण्याएवढं. सारे वऱ्हाडी त्याच्याभोवती वाकले. गजूभाऊनं ते बराच वेळ पाहिलं आणि हळूच विचारलं, "भाऊजी, शिट्टी वाजते का तुमच्या कानात?"

"वाजते."

"मले बी वाजते. मले वाटलं, बीपी आहे."

मग धाकटा साळा म्हणाला, त्यालाही वाजते. मागून चुलतसासरे म्हणाले, त्यांना तर दोन्हीकडे वाजते. एकेक जण पुढे येऊ लागला. सारे माझ्या बरोबरीचे नाहीतर थोरले, साऱ्यांच्या घरच्या लग्नांत मीच वाजवलेलं. मी तिथून पळून जायच्या बेतात होतो.

तेवढ्यात इवाई तबक घेऊन आले. अत्तराचा फाया त्यांनी फार जपून, बुचाला धक्का न लावता, माझ्या कानाच्या पाळीत खोचला. चेहरा असा खुलला होता, जणू लेकीचं लग्न त्याच घटकेला लागलं. मागोमाग सारे म्हातारे त्या तबकावर तुटून पडले आणि फाये थेट कानात कोंबायला लागले. मी ओरडून सांगत होतो, की बाबांनो, कापसानं काही भागत नाही, आवाजच कमी पाहिजे. कोण ऐकतो? आता तर सगळ्यांच्याच कानात कापूस.

मग मी खरा इलाज केला. बंडूकडे पाहिलं आणि तळहात खाली दाबला. अजून खाली. अजून. बंडूला ते फार जड गेलं, पण केलं त्यानं. आवाज इतका उतरला, की घोड्याच्या टापा ऐकू यायला लागल्या. त्या आवाजात मी खोक्यांपासून लांब, घोड्याच्या मागे नाचलो. परण्या हलला. मुहूर्त हुकता हुकता हाती लागला.

तेव्हापासून सासुरवाडीत गोष्ट अशी सांगतात, की जवाई आजवर पोट दुखून रुसले, चक्कर येऊन रुसले, पण आमचे थोरले जवाई विकतची बुचं आणून रुसले. कोणाला ऐकायचंच नाही, असं ठरवून! गजूभाऊ मात्र पुढच्या आठवड्यात अमरावतीला जाऊन आला. येताना नारिंगी बुचं घेऊन आला, साऱ्या घरासाठी.

त्या दिवशी लग्न लागल्यावर मी कार्यालयाच्या एका कोपऱ्यात, पंख्याखाली बसलो. दोन्ही बुचं काढली, कानांना आराम. लेकीनं ओवीला माझ्या मांडीवर आणून ठेवलं. ओवी गुडघ्यांवर उभी राहिली, माझी मान दोन्ही हातांनी धरली आणि अत्तराच्या फायाशी तोंड नेऊन बोलली. अक्षर अन् अक्षर ऐकू आलं मला.

ती म्हणाली, "आबा, तू अजून रुसला आहेस?"

म्हटलं, हो बाई, रुसलोय. तू अजून बोल.